नाइटनंतरची सकाळ ही तुझी रात्र आहे

तू विचारलंस ते थोडक्यात असं. वय एकतीस, इंदूरमधल्या एका खासगी रुग्णालयात मेडिसिन वॉर्डात स्टाफ नर्स, महिन्याला आठ-दहा नाइट. चार वर्षांचा मुलगा, घरी सासू-सासरे, नवरा पीथमपूरच्या कारखान्यात, त्यालाही शिफ्ट. गेले काही महिने पेशंटच्या नातेवाइकांवर आवाज चढतो, घरी आल्यावर बाथरूमचं दार लावून रडायला येतं. आणि जो तो सांगतो, योगा कर, स्वतःकडे लक्ष दे, स्वतःसाठी वेळ काढ. तुझं शेवटचं वाक्य होतं, "तो वेळ कुठून काढायचा हे मात्र कुणी सांगत नाही."

मी सांगायचा प्रयत्न करते. इंदूरमध्येच तेहेतीस वर्षं नर्सिंग केलं आहे. आधी एक लहान नर्सिंग होम, मग मोठ्या रुग्णालयात मेडिसिन वॉर्ड, नऊ वर्षं आयसीयू आणि शेवटची काही वर्षं सिस्टर इंचार्ज. रोस्टर, म्हणजे ड्युटीचं वेळापत्रक, लावणाऱ्या टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसले आहे. वयाने बरीच मोठी आहे, म्हणून तुला 'तू' म्हणते.

तुझा प्रश्न मी दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचताना एका वाक्यावर थांबले. तू लिहिलं आहेस, "नाइट असली की निदान दिवसभर घरी तरी असते, म्हणून स्वयंपाक, मुलाची शाळा, सासऱ्यांची औषधं सगळं उरकते आणि मग दोन तास पडते." हा 'निदान' बघ. बारा तास उभी राहून आलेली बाई सकाळी घरात शिरते आणि घराच्या हिशेबात ती मोकळी असते. घरच्यांचं सोड, तुझ्या स्वतःच्या हिशेबातही तू मोकळीच आहेस. माझ्या मते खरी अडचण इथे आहे. तुला योगासाठी अर्धा तास मिळत नाही हे दुःख नंतरचं. आधी तुझी झोप रोज कामाला जाते आहे, आणि ती जाते आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण ती दिवसाउजेडी जाते.

पुढचं सगळं सगळ्यांना सारखं लागू नाही, हे आधीच सांगते. सरकारी नोकरीत बहुतेक ठिकाणी सकाळ आठ ते दोन, संध्याकाळ दोन ते आठ आणि रात्र आठ ते आठ अशी ड्युटी असते, आणि नाइटनंतरचा ऑफ ठरलेला असतो. खासगीत तो ऑफ मिळेलच असं नाही, आणि कुणी अचानक गैरहजर राहिलं की फोन तुलाच येतो. एका नर्सकडे दहा पेशंट असणं वेगळं आणि पंचवीस असणं वेगळं. पंचवीस पेशंट एकटीने बघणाऱ्या मुलीला कुणी "प्राणायाम कर" म्हणालं तर मला राग येतो, कारण तिथे कमतरता माणसांची आहे, श्वासाची नाही. घरी हाताखाली कुणी आहे का, मूल किती लहान आहे, कर्जाचा हप्ता किती आहे, यावरही पुष्कळ ठरतं. म्हणून तुझ्या परिस्थितीत बसेल तेवढंच घे.

आता झोपेबद्दल, आणि जरा सविस्तर, कारण बाकीचं सगळं यावरच उभं आहे.

पहिल्या नाइटच्या दिवशी तू सकाळी साडेसहाला उठतेस. डबा, शाळा, स्वयंपाक. दुपारी पडत नाहीस. रात्री आठला ड्युटीवर, सकाळी आठला ओव्हर देऊन (पुढच्या शिफ्टच्या हाती पेशंट सोपवून) साडेआठला घरी. म्हणजे सलग सव्वीस तास जागी. १९९७ साली ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी जागरण आणि दारू यांची तुलना करून बघितली होती. सतरा तास जागं राहिल्यावर हाताची आणि डोळ्यांची चपळाई रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखी होते आणि चोवीस तासांनी ०.१० टक्के असल्यासारखी, असं त्यांना आढळलं. आपल्याकडे गाडी चालवायला कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के. तिप्पट ओलांडून तू स्कूटी चालवत घरी येतेस, आणि त्याच अवस्थेत शेवटच्या दोन तासांत इंजेक्शनं भरलेली असतात.

माझं एक सांगते. हे मी फार कमी लोकांना सांगितलं आहे. आयसीयूत होते, सलग चौथी नाइट. त्या दिवशी घरी बारसं होतं, दिवसभरात दोन तास झोप झाली असेल. पहाटे पाचच्या सुमारास एका पेशंटला आठ युनिट इन्सुलिन द्यायचं होतं. आमच्या वॉर्डात चाळीसची वाइल, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये चाळीस युनिट असलेली बाटली, आणि त्याच मापाची लाल टोपीची सिरिंज असायची. त्या पेशंटच्या नातेवाइकांनी बाहेरून आणलेली वाइल शंभरची होती. मी लाल टोपीच्या सिरिंजमध्ये आठाच्या खुणेपर्यंत भरलं. तू नर्स आहेस, तुला समजलं असेल. आठच्या जागी वीस युनिट गेलं असतं. शेजारी उभी असलेली दुसऱ्या वर्षाची स्टुडंट म्हणाली, "सिस्टर, ये वाइल तो सौ वाली है ना?" पेशंटला काही झालं नाही. पण मी स्टोअरमध्ये जाऊन भिंतीला टेकून उभी राहिले, माझे हात थरथरत होते. तेरा वर्षांचा अनुभव होता तेव्हा. ज्ञान कमी नव्हतं, निष्काळजी मी कधीच नव्हते. झोप नव्हती.

त्या दिवसापासून मी झोपेला स्वतःचे लाड समजणं सोडलं. ती माझ्या कामाचा भाग आहे, हात धुण्यासारखी. हात न धुता ड्रेसिंग करायला तू तयार होणार नाहीस. तसंच न झोपता चौथ्या नाइटला उभं राहायलाही तयार होऊ नकोस.

मग घर कसं तयार करायचं? मुलगी तुझ्या मुलाएवढी असताना मी एक गोष्ट केली, ती इतकी साधी होती की सांगताना संकोच वाटतो. मिठाईच्या डब्याचा पुठ्ठा कापून त्याचा चंद्र केला, तिने तो पिवळा रंगवला, आणि खोलीच्या कडीला दोऱ्याने टांगला. तिला सांगितलं, चंद्र दाराबाहेर टांगलेला असला की आईची रात्र आहे. रात्री आपण कुणाला उठवतो का? नाही. चार वर्षांच्या मुलांना नियम फार आवडतात, विशेषतः मोठ्यांना लागू करायचे असले की. पुढे तीच आजीला दटावायची, "आजी, चंद्र आहे!" दूधवाल्यापासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळ्यांना तो चंद्र माहीत झाला. माझ्या शब्दाने जे झालं नव्हतं ते पुठ्ठ्याच्या तुकड्याने झालं, कारण बंद दार बघून घराला वाटायचं आई आराम करते आहे, आणि चंद्र बघून कळायचं की रात्र आहे.

सासूबाईंशी कसं बोलू, असं तू विचारलं आहेस. माझा अनुभव असा की "मला झोपू द्या" या मागणीला घर घाबरतं, कारण तिला शेवट नसतो. त्यांना वाटतं, आता सगळं आपल्यावर आलं. त्याच मागणीला वेळ लाव. "आई, रात्रभर वीस पेशंट बघून आले आहे. साडेनऊ ते दीड मला कुणी उठवू नका. दीडला उठले की पुढचं सगळं माझ्याकडे." आणि दीडला खरोखर उठ. पहिल्या दोन-तीन नाइटना शब्द पाळलास की त्यांचा विश्वास बसेल. हे बोलणं नाइट सुरू होण्याआधी, संध्याकाळी शांतपणे कर. सकाळी नऊला, डोळे तांबारलेले असताना केलेलं प्रत्येक बोलणं भांडण होतं. आणि नवऱ्यालाही त्या वेळी समोर बसव. पीथमपूरला त्याची शिफ्ट असते तेव्हा घर त्याची झोप सांभाळतंच ना? तो दिवसा झोपला की भांडी हळू वाजतात. तुझ्या झोपेलाही तेवढाच मान हवा आहे, त्यापेक्षा जास्त काही मागत नाहीस.

सासऱ्यांची औषधं रविवारी आठवड्याच्या डबीत भरून ठेव, सकाळ-दुपार-रात्र कप्पे असलेली डबी कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळते. मुलाला शाळेत पोचवायला, नवऱ्याची दुपारची शिफ्ट असेल त्या आठवड्यात तो जाऊ शकतो. शक्य असेल तर नाइट त्याच आठवड्यात मागून घे. रोस्टर लावायच्या आधी हे लेखी दिलंस तर इंचार्जला ते करता येतं. लावून झाल्यावर आलीस तर तिला दुसऱ्या कुणाचं तरी मोडावं लागतं. मी इंचार्ज असताना ज्या मुली वीस तारखेला चिठ्ठी द्यायच्या, त्यांचं बहुतेक वेळा जमायचं. ज्या एक तारखेला रडत यायच्या त्यांच्यासाठी माझ्या हातात काही उरलेलं नसायचं, आणि त्याचं मलाही वाईट वाटायचं.

चार तास सलग झोप झाली आणि संध्याकाळी ड्युटीवर जाण्याआधी पुन्हा तास-दीड तास मिळाला, तरी शरीर सावरतं. दिवसाची झोप रात्रीपेक्षा लहानच होते, कारण आतलं घड्याळ जागं राहायला सांगत असतं. म्हणून दोन तुकडे झाले तरी चालतील, पण पहिला तुकडा कुणालाही देऊ नकोस. नाइटच्या पहिल्या दिवशी दुपारी दीड तास पडण्याचा नेम ठेव. सव्वीस तासांच्या जागरणाचे दोन तुकडे होतात, एवढ्यानेसुद्धा पहाटेचा फरक जाणवतो.

आता आपल्या गावाची खोड. नाइट संपली की सगळा ग्रुप कोपऱ्यावरच्या ठेल्यावर पोहे-जिलेबी आणि कडक चहा घेतो. मीही वर्षानुवर्षं घेतला आहे, आणि त्या पंधरा मिनिटांच्या गप्पांनी मला अनेकदा तारलं आहे. ते सोडू नकोस. पोहे खा, जिलेबीचा एक वेढा खा, चहा तेवढा सोड. चहा-कॉफीतलं कॅफिन निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात. सव्वाआठचा चहा एक वाजेपर्यंत निम्मा शरीरात असतो, म्हणजे तुझी अख्खी झोप त्याच्याबरोबर. ड्युटीवरही पहाटे तीननंतर चहा घेऊ नये. तीन ते पाच ही वेळ सगळ्यात वाईट, शरीराचं तापमानही तेव्हाच सगळ्यात खाली असतं, आणि नेमका तेव्हाच चहा हवासा वाटतो. त्याऐवजी उठून एक फेरी मार, तोंडावर पाणी मार, काही भाजलेले चणे खा. दोघी असाल आणि वॉर्ड शांत असेल तर वीस मिनिटं आळीपाळीने डोळे मिटता येतात का, हे इंचार्जला उघडपणे विचार. काही ठिकाणी चालतं, काही ठिकाणी अजिबात नाही. वीसच मिनिटं, जास्त नाही. गाढ झोपेतून उठलं की डोकं पंधरा-वीस मिनिटं जड असतं आणि तेवढ्यात कुणी कोलॅप्स झालं तर तू कामाची नसतेस.

घरी जाताना गडद गॉगल लाव. सकाळचं ऊन डोळ्यांत गेलं की मेंदू दिवस सुरू झाला असं समजतो. खिडकीला जाड पडदा नसेल तर जुनी गोधडी टांग. कानात कापूस घालायला विसरू नकोस, कारण साडेनऊच्या सुमारास कचऱ्याची गाडी गाणं वाजवत गल्लीत येणार. स्वच्छतेत आपलं शहर २०१७ पासून वर्षानुवर्षं पहिलं आलं, याचा मला अभिमान आहे. पण नुकता डोळा लागलेला असताना ते गाणं ऐकलेल्या प्रत्येक नर्सला मी काय म्हणते ते कळेल. कचऱ्याची बालदी रात्री ड्युटीवर निघतानाच सासूबाईंच्या हाताशी, दाराजवळ ठेव. आणि फोन. वॉर्डाचा व्हॉट्सॲप ग्रुप झोपताना बंद ठेव, फक्त मुलाच्या शाळेचा आणि नवऱ्याचा नंबर वाजेल असं कर. झोपेत "सिस्टर, अमुक फाइल कुठे ठेवली" असा फोन येऊ नये म्हणून ओव्हर पूर्ण आणि लिहून दे.

एखाद्या सकाळी इतकी झोप येत असेल की सिग्नलला डोळे मिटताहेत, तर स्कूटी रुग्णालयातच ठेव आणि रिक्षाने ये. त्या पैशांचा विचार करू नकोस.

आता ड्युटीतल्या बारा तासांबद्दल. तू प्रत्येक पेशंटचा इनटेक-आउटपुट चार्ट भरतेस. तुझा कोण भरतं? मी एकदा आमच्या वॉर्डातल्या सहा मुलींना एका नाइटसाठी स्वतःचा चार्ट लिहायला लावला. दोघींनी अख्ख्या रात्री एकदाही लघवी केली नव्हती. एकीने पाव बाटली पाणी प्यायलं होतं. एखाद्या पेशंटचा असा चार्ट दिसला असता तर त्याच मुलींनी डॉक्टरला फोन केला असता. मूत्रमार्गाचा संसर्ग आपल्या व्यवसायात इतका सर्रास का, याचं उत्तर त्या कागदावर होतं. आठवण ठेवून पाणी प्यायचं म्हटलं की जमत नाही. दुसऱ्या कामाला बांधलं की जमतं. टीपीआरची (ताप, नाडी, श्वास मोजण्याची) फेरी संपली की अर्धा ग्लास पाणी. औषधांची ट्रॉली जागेवर लावली की बाथरूम. कामाला जोडलेली गोष्ट काम विसरू देत नाही.

पाय आणि कंबर याबद्दल थोडक्यात. बेड तुझ्या कमरेइतका वर करूनच काम कर, वाकून कॅन्युला लावू नकोस. जड पेशंट वर सरकवायचा असेल तर ड्रॉ शीट (पेशंटच्या खालची आडवी चादर) आणि दोन माणसं, एकटीने कधीच नाही, वॉर्डबॉय येईपर्यंत थांबावं लागलं तरी चालेल. चपला चांगल्या घे, सहा महिन्यांनी बदल. पिंडऱ्यांवर शिरा दिसायला लागल्या असतील तर डॉक्टरांना दाखवून दाबाचे मोजे घाल.

रडण्याबद्दल तू लिहिलंस, त्याकडे येते. त्यावर घाईने बोलायचं नव्हतं.

वॉर्ड आणि घर यांच्यामध्ये तुझ्याकडे जागाच नाही. एका दारातून निघतेस आणि दुसऱ्या दारात शिरतेस. मरण बघून आलेली असतेस आणि वीस मिनिटांत मुलाच्या दप्तरातलं खोडरबर शोधायचं असतं. मग जे आत साठलेलं असतं ते बाथरूममध्ये बाहेर पडतं, कारण घरात दार लागणारी तेवढीच एक जागा आहे. माझं घर राजेंद्र नगरकडे. संध्याकाळच्या ड्युटीवरून परतताना मी अन्नपूर्णा मंदिराच्या भिंतीशी गाडी लावून दहा मिनिटं बसायचे. पूजा करायला नाही, आतही जायचे नाही. त्या दिवशीच्या पेशंटची नावं एकेक करून मनात घ्यायची. जो गेला त्याचंही. मग गाडी सुरू करायची. दहा मिनिटांनी घरी उशीर होतो हे घरी सांगून ठेवलं होतं. "साडेआठ" म्हणायचे आणि साडेआठलाच पोचायचे, म्हणजे ती दहा मिनिटं कुणाची चोरलेली नव्हती. एप्रिल २०२१ मध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, ती दहा मिनिटं कधी तीस झाली. भिंतीला टेकून रडलेही आहे. पण ते रडणं घराच्या दाराबाहेर संपायचं. तुझ्या रस्त्यात मंदिर असो, बगीचा असो, नाहीतर बंद दुकानाची पायरी असो, एक जागा ठरव. रुग्णालयातच कपडे बदलून निघालीस तर आणखी बरं, युनिफॉर्म घरात शिरला की ड्युटीही शिरते.

हे सगळं करूनही चिडचिड आणि रडणं महिनाभरात कमी झालं नाही तर त्याला दमणूक म्हणून सोडून देऊ नकोस. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची, म्हणजे कामाच्या सततच्या ताणाने खचून जाण्याची, तीन लक्षणं सांगितली: सतत गळून गेल्यासारखं वाटणं, कामाबद्दल मनात अंतर किंवा कडवटपणा येणं, आणि आपलं काम निकामी ठरतं आहे असं वाटणं. पेशंटच्या नातेवाइकावर चढलेला आवाज दुसऱ्या लक्षणात बसतो. तो तुझा स्वभाव नाही, हे मी तुझ्या लिहिण्यावरून ओळखते. ज्या मुलीचा स्वभाव तसा असतो तिला त्याचं वाईट वाटत नाही.

आधी साध्या तपासण्या कर. हिमोग्लोबिन (बारापेक्षा कमी असेल तर तो अॅनिमिया आहे, "मला नेहमीच दहा असतं" असं म्हणू नकोस), थायरॉइड, बी-१२, ड जीवनसत्त्व. एक जोडून सांगते. हिपॅटायटिस बीचे तिन्ही डोस झाले असतील, पण त्यानंतर अँटिबॉडी तपासली आहेस का? दहाच्या वर हवी. आम्ही हजारो लोकांना लस दिली आणि स्वतःचा आकडा बघायचा राहिला, असं माझ्याच बॅचमध्ये दोघींचं झालं. मन फार खाली जात असेल, जगण्यात अर्थ वाटत नसेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास सुरू असतो, फुकट आहे. आपल्या रुग्णालयातल्या डॉक्टरकडे जायला लाज वाटते हे मला माहीत आहे, म्हणूनच तो नंबर सांगितला. नर्सने मदत मागितली तर तिचा परवाना जात नाही.

डबल ड्युटीचं काय, हाही तुझा प्रश्न होता. पैशांची गरज असेल तर कधी कधी करावी लागते, त्यात कमीपणा नाही. पण नाइटला जोडून डबल कधीच घेऊ नकोस, आणि सलग तीनपेक्षा जास्त नाइट नकोत. रोस्टर मागताना क्रम सकाळ, संध्याकाळ, रात्र असा पुढे सरकणारा माग. उलटा क्रम शरीराला जास्त जड जातो. "नाही" म्हणताना कारणांची यादी देऊ नकोस, जितकी कारणं तितके वाद. "सिस्टर, मी काल नाइट केली आहे, आज सुरक्षितपणे काम करू शकणार नाही," एवढंच म्हण. 'सुरक्षितपणे' हा शब्द वापर. पेशंटला धोका आहे हे ऐकल्यावर इंचार्ज सहसा आग्रह करत नाही, कारण सही तिचीही असते. आणि तुला कदाचित माहीत नसेल, खासगी रुग्णालयांतल्या नर्सेससाठी सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशानंतर केंद्राने समिती नेमली होती, आणि रजा, कामाचे तास यांसारख्या अटी सरकारी नर्सेसच्या तोडीच्या असाव्यात असं तिने सुचवलं. ते सगळीकडे अमलात आलेलं नाही. तरी चार जणी मिळून लेखी मागणी करायची वेळ आली तर पायाखाली ही जमीन आहे.

आतापर्यंतचं एकत्र करते, म्हणजे तुला फ्रिजवर चिकटवता येईल: नाइटनंतर साडेनऊ ते दीड दार बंद, घराला वेळ सांगून. नाइटच्या पहिल्या दुपारी दीड तास. पहाटे तीननंतर चहा नाही. ड्युटीत टीपीआरच्या फेरीनंतर पाणी, ट्रॉलीनंतर बाथरूम. घरी जाताना दहा मिनिटांचा थांबा. रोस्टरची चिठ्ठी वीस तारखेला. तपासण्या या महिन्यात.

यात योगा नाही हे तुझ्या लक्षात आलं असेल. योगा उत्तम आहे, झोप भरली की तू स्वतःच करशील. पण स्वतःला आवडणारी एक गोष्ट मात्र मी तुला आत्ताच धरून ठेवायला सांगेन, आणि ती उपयोगाची नसली तरी चालेल. माझी म्हणजे नाटक. इंदुरात सानंद या संस्थेची मराठी नाटकं होतात, त्यांची तारीख कळली की मी सगळ्यात आधी ड्युटी बदलून घ्यायचे. बदल्यात मैत्रिणीला अनंत चतुर्दशीची रात्र द्यायचे, तिला मिरवणुकीतल्या झांक्या (चित्ररथ) बघायच्या असायच्या. अकरा वर्षं मी झांक्या बघितल्या नाहीत, वॉर्डाच्या खिडकीतून ढोल ऐकले. त्याचं मला काही वाटत नाही, कारण नाटकाचे ते तीन तास माझे असायचे, आणि त्या तीन तासांत मी कुणाची सिस्टर नसायचे. तुझं काय आहे ते तूच ठरव. गाणं असेल, विणकाम असेल, सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारात बहिणीबरोबर दहाला खाल्लेला गराडू (तळलेला कंद) असेल. महिन्यातून एकदा, तारीख ठरवून, ड्युटी बदलून.

पण सुरुवात झोपेपासून. पुढच्या नाइट कधी लागल्या आहेत ते बघ, त्याच्या आदल्या संध्याकाळी सासूबाई आणि नवऱ्याला एकत्र बसव, आणि मुलाला एक पुठ्ठा, कात्री आणि पिवळा रंग दे. तीन नाइट झाल्या की रोज किती तास झोप झाली तेवढं मला लिहून कळव. जिथे अडलं असेल तिथून पुढे बोलू.